रुमालमहाराज आणि लंगडी घोडी

मैदानात मुंगी शिरायला जागा नव्हती. रुमालमहाराजांनी लंगड्या घोडीच्या नाकावरून लाल रुमाल फिरवला आणि काय सांगू, घोडी चारही पाय टेकत सरळ चालली! टाळ्यांनी कान किटले.

"मुक्या जनावराला कुठे श्रद्धा असते?" महाराज गरजले. "त्याला नाटक करता येतं का? बोला, विज्ञानवाले!"

विज्ञानवाली म्हणजे मी, जनावरांची डॉक्टर. त्या घोडीच्या गुडघ्यांना संधिवात. दोन वर्षं माझंच औषध चालू होतं. तिचा मालक, घोडागाडीवाला, धावतच माझ्याकडे आला. "ताई, तुमचं औषध बंद. उद्यापासून हिला गाडीला जुंपतो!"

"अहो, गुडघे कामातून जातील! मग उभीच राहणार नाही ती."

"डोळ्यांनी पाहिलंत ना?"

पाहिलं होतं, म्हणून तर डोकं फिरलं. घरी लंगडणारं जनावर घाबरलं की माझ्या दवाखान्यात ताठ चालतं, हे मी रोज बघते. घोडीचे कान मागे पडले होते, नाकपुड्या फुलल्या होत्या, अंग थरथरत होतं. त्या हजार मूर्खांपैकी एकालाही ते दिसलं नाही.

मी मंचावर चढून रुमाल हिसकावला. शी! सिंहाच्या मुताची घाण! आणि हे तोंड कुठे पाहिलं होतं तेही आठवलं. सर्कशीतली जनावरं तपासायला मी जायचे, तेव्हा हा पठ्ठ्या सिंहाचा पिंजरा झाडायचा.

"अपवित्र हात लावू नकोस!" महाराज किंचाळले.

"गप्प बस!"

रुमाल मी पिशवीत घट्ट बांधला. घोडीला लांब नेलं, पाणी पाजलं. अर्ध्या तासात ती शांत झाली आणि पुन्हा लंगडू लागली. महाराजांचे भक्त तिच्याभोवती गोळा झाले.

"सांधा झिजतो गुडघ्यात, पण वेदना जाणवते मेंदूत," मी सांगितलं. "तिथे वेदना दाबणारी रसायनं असतात, आणि ती बनवणारी-मोडणारी एन्झाइम नावाची प्रथिनंही. वेदनेचा निरोप वाढवायचा की दाबायचा, यात त्यांचा मोठा हात असतो. सिंहाचा वास आला की जीव वाचवायला मेंदू वेदना दाबून टाकतो. गुडघा मात्र होता तसाच. पुन्हा दाखवू चमत्कार?"

मी पिशवीची गाठ सोडायला घेतली.

"नको!" घोडागाडीवाला घोडीच्या गळ्याला बिलगला. "नको ताई. ती मरणाच्या भीतीनं चालत होती, आणि मी टाळ्या वाजवत होतो हो!"

तोवर महाराज पसार झाले होते.

लोकहो, टाळी वाजवण्याआधी जनावराकडे एकदा नीट बघा. तेवढंही जमत नसेल, तर निदान त्याला जुंपू तरी नका.