सायकलीमागची मेंढरं

बिरप्पा सायकल खांद्यावर घेऊन डोंगराच्या धारेवर पोचला तेव्हा ऊन नुकतंच वर आलं होतं. धार म्हणजे डोंगराची पाठच. दोन्ही अंगांना खोल उतरण, आणि मधून मेंढरांच्या खुरांनी पाडलेली हातभर रुंदीची वाट. तिथून सांगोल्याकडचा सगळा मुलूख ताटात वाढल्यासारखा दिसायचा. डावीकडे माण नदीची कोरडी वाळू, उजवीकडे दुष्काळी कामावर फोडलेल्या खडीचे ढीग, आणि समोर पार खाली फाट्यावरचं लिंबाचं झाड. त्या झाडाखाली सकाळी सोलापूरची एसटी थांबायची. दिवसातून एकदाच.

ती गाडी त्याला गाठायची होती. खिशात सोलापूरच्या कापडगिरणीचं नोकरीचं बोलावणं होतं. अकरा वाजता हजर राहावं, न आल्यास नाव कमी केलं जाईल, असं त्यात टाइप केलेलं. त्र्याहत्तर सालचा तो फाल्गुन. दुष्काळानं दोनशे मेंढरांची साठ झाली होती, आणि मॅट्रिक पास झालेला बिरप्पा सात वर्षं त्यांच्याच मागं फिरत होता. बोलावणं आलं त्या दिवशी त्याची आई केराबाई म्हणाली होती, "जा तू. मेंढरं मी बघते. म्हातारी झाले म्हणून मेंढरं वळायची इसरले न्हाय."

खालचा रस्ता कामासाठी उखडून ठेवलेला, म्हणून ही वरची वाट. सायकल दुकानदार चनमल्लप्पाची. देताना तो म्हणाला होता, "अरे, ही सायकल हाय, बकरं न्हवं डोंगर चढायला."

"न्हाय चढली तर मी तिला चढवतो की," बिरप्पा म्हणाला होता. आणि तसंच केलं होतं त्यानं.

आता मात्र वाट सपाट लागली. त्यानं टांग मारली. वारा कानात घुसला, सदरा पाठीवर फुगला. दगडावरून चाक उडालं की पोटात गुदगुल्या व्हायच्या. मागच्या मडगार्डाची तार तुटली आणि पत्रा खडखडायला लागला, पण त्यानं लक्ष दिलं नाही. सात वर्षं या वाटेनं तो मेंढराच्या चालीनं चालला होता. ही वाट एवढी आखूड आहे हे त्याला आजच कळलं.

धार जिथं संपते तिथं घसरण आहे. सुट्या दगडांचा उभा उतार. तिथं तो उतरला, आणि वारा पडला म्हणून त्याला मागचा आवाज ऐकू आला. खुरांचा.

त्यानं वळून पाहिलं. पुढं काळा मेंढा, त्याच्या शेपटाला दुसरं, त्याच्या शेपटाला तिसरं. सगळी साठ मेंढरं एका रांगेत धारेवरून धावत येत होती.

बिरप्पाला क्षणभर काही उमजेना. मग त्यानं मडगार्डाला बोट लावलं, पत्रा खडखडला, आणि काळ्या मेंढ्यानं कान टवकारले.

चारा नव्हता म्हणून दोन महिने तो मेंढरांना बाभळीच्या वाळक्या शेंगा घालत होता. रोज याच वेळेला तो शेंगा डालड्याच्या डब्यात घालून खडखडवायचा, आणि असतील तिथून मेंढरं पळत यायची. त्यानंच लावलेली सवय. आज आई त्यांना धारेखालच्या चढाला चारत होती, आणि वरून मेंढरांच्या लेखी शेंगांचा डबाच खडखडत गेला होता.

मेंढ्यानं त्याच्या पायजम्याला नाक लावलं. बिरप्पानं सायकल उचलून खांद्यावर घेतली आणि चार पावलं उतारावर टाकली. मेंढा मागोमाग उतरला. मागच्यांनी पुढच्यांना रेटलं. एक धोंडा सुटला आणि टणाटणा उड्या मारत खाली गेला. बराच वेळ त्याचा आवाज येत राहिला.

तो थांबला. मेंढरंही थांबली.

त्यातल्या वीस-बावीस मेंढ्या गाभण होत्या. घाईनं उतरावं, तर त्याही घाईनं उतरणार आणि पोटावर गडगडणार. थांबावं, तर गाडी जाणार. मागं फिरावं, तर साठ मेंढरांनी वाट बुजवलेली. खाली न्यायचीच झाली, तर एकेकीला कानाला धरून उतरवायला तासभर हवा.

"बिरूऽऽ!" रांगेच्या शेपटाकडून हाक आली. केराबाई धापा टाकत धारेवर चढली होती. "आरं, तुजी सायकल हाय का तमाशाचा डफ? सगळी मेंढरं पळवलीस की!"

"मागं घे की आये त्यास्नी!"

"कशी घिऊ? एक वळवली तर म्होरची वळंना!" तिनं शेवटच्या दोन मेंढ्यांच्या गळ्यात हात घातले होते. बाकीच्यांनी तोंडं पुढच्यांच्या शेपटांत खुपसली होती. माय एका टोकाला, लेक दुसऱ्या टोकाला, आणि मधे लोकरीची भिंत. कुणालाच ओलांडता येईना.

"तू जा!" ती ओरडली. "हुबा का ऱ्हायलास? पळ!"

"गाभण हायत्या, आये!"

"पडल्या तर पडल्या चार! मी म्हनते न्हवं? जा की मेल्या!"

ती मनापासून म्हणत होती, हे त्याला कळत होतं. तेच तर अवघड होतं. त्यानं एक पाय पुढं टाकला. मेंढ्यानंही टाकला. त्यानं पाय मागं घेतला.

दूर सडकेवर धुळीचा लोट उठला. लाल गाडी लिंबाखाली येऊन थांबली, मुंगीएवढी माणसं चढली. कंडक्टरनं दार ओढलेलंही त्याला वरून दिसल्यासारखं वाटलं. घामानं हात निसटत होता, तरी त्यानं सायकलीची दांडी सोडली नाही. मेंढ्याचा ऊन ऊन श्वास पोटरीला लागत होता.

गाडी हलली. धुळीचा लोट सोलापूरच्या अंगाला लांब लांब होत गेला.

"बिरू!" केराबाईच्या पुढं डोंगराचा फुगवटा होता, तिला फाटा दिसत नव्हता. "गाडी आली का रं?"

तो खाली पाहत राहिला. लिंबाखाली आता एक कुत्रं उभं होतं.

"न्हाय, आये. आजून न्हाय आली."

"मग गावंल की!" तिचा आवाज एकदम हलका झाला. "घाई करू नगंस. एकेकीला कानाला धरून उतरीव. मी हितनं सोडते."

"व्हय," तो म्हणाला.

त्यानं सायकल एका कपारीला टेकवली आणि मेंढ्याचा कान धरला. एक एक दगड पायानं चाचपत तो रिकाम्या फाट्याकडे उतरायला लागला. मागून आई प्रत्येक मेंढीला नावानं हाक मारून पुढं सोडत होती, आणि मधेच ओरडून विचारत होती, "आली का?"