केस मोकळे करून येतो

नवऱ्याला टक्कल पडून बरीच वर्षं झाली होती. त्यामुळे जेवण उरकून तो दाराशी गेला आणि "जरा केस मोकळे करून येतो" म्हणाला, तेव्हा टाकेबाईचा घास हातातच राहिला.

"काय मोकळं करून येता?"

"केस... म्हणजे, वारा घेऊन येतो गं," असं पुटपुटत स्वारी पसारही झाली.

टाकेबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. लोकांच्या पँटी आखूड करून देण्यात तिचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं, म्हणून पडलेलं नाव. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कपड्यांना टाके घालणाऱ्या या बाईला मागे एका वळणावर ट्रकने गाठलं, आणि टाके घालायची पाळी डॉक्टरांवर आली. उजवा पाय गुडघ्याच्या वरून गेला. आता ती घरी आली होती, जखम भरली होती, कुबड्या काखेत नीट बसू लागल्या होत्या. पण घरात काहीतरी गडबड होती खास.

पूर्वी रोज जेवणानंतर नवरा म्हणायचा, "चल, पाय मोकळे करून येऊ." मग दोघं पुलापर्यंत जाऊन यायची. भांडायचं असलं तरी पुलावरच भांडायची, घरात सासरे असत ना! आता तो एकटाच जायचा. पाय गेल्याचं दुःख होतंच, ते काय सांगायचं. पण 'येऊ'चं 'येतो' झालं, ते तिच्या जास्त जिव्हारी लागलं होतं. मला आता सोबत न्यायची लाज वाटते की काय यांना? हे विचारायला मात्र तिची जीभ रेटत नव्हती. एरवी तीच जीभ कात्रीसारखी चालायची!

त्यात सासऱ्यांचं वेगळंच. म्हातारा म्हणजे म्हणींचं पोतं. परवा नातीला उपदेश करताना म्हणाले, "बाळ, अंथरूण पाहून... हात पसरावेत."

"मामंजी, अंथरुणावर बसून भीक मागायची का?" टाकेबाईने विचारलं.

सासऱ्यांना एकदम ठसका लागला. पाणी पिऊन ते जे खोलीत गेले, ते जेवायलाच बाहेर आले.

आणि तिसरी गोष्ट, पँटी. ती घरी आल्यापासून एक पँट शिवायला आली असेल तर शपथ! उशांचे अभ्रे येत होते, पडदे येत होते, परवा तर कुणीतरी पिशवी शिवायला टाकली. लोकांनी एकाएकी पँटी घालायच्या सोडल्या की काय? तिने मशीनपाशी बसल्या बसल्या खिडकीतून पाहिलं. रस्ता पँटींनी भरलेला होता. समोरचा न्हावी तर इतकी लांब घालून चालला होता की तिचे हात शिवशिवले. तेवढ्यात न्हाव्याने फाटकाशी नवऱ्याला गाठलं आणि काखेतली दुसरी पँट पुढे केली. नवऱ्याने एकदा खिडकीकडे चोरून पाहिलं आणि त्याला पलीकडच्या शिंप्याचा रस्ता दाखवला.

"अस्सं!" टाकेबाई स्वतःशीच म्हणाली. आता तिला स्वस्थ बसवेना.

कोडं सुटलं ते लेकीमुळे. तिला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरेल तर ना! त्याच संध्याकाळी शाळेतून आली ती बोळात धाडकन आपटली. टाकेबाई कुबड्या सावरत पोचली. पोरीच्या पँटला खाली पिना टोचलेल्या, त्यातली एक सुटलेली.

"अगं, एवढी लांब पँट! मला सांगायचं नाही?"

"लांब झाल्यात त्या... नळ्या."

"पँटला नळ्या? मग पाणी कधी येतं?"

भिंगरी हसली नाही. तिचा एकदम बांधच फुटला! "बाबांनी सांगितलंय, तो शब्द काढायचा नाही. तुला ऐकून दुखतं. आजोबांनापण सांगितलंय."

टाकेबाईला आधी असा राग आला, की नवरा समोर असता तर खैर नव्हती. मग तिला तो बिचारा टकला केस मोकळे करायला निघालेला आठवला, आणि राग कुठल्या कुठे गेला.

"न ऐकतासुद्धा दुखतं गं," ती म्हणाली. "आणि खाज! आता या क्षणी अंगठ्याला खाज सुटलीये. उजव्या."

पोरगी रडायचीच थांबली. "पण तो तर नाहीये!"

"तेच तर!"

"मग खाजवायचं कुठे?"

इतक्या दिवसांत हे तिला कुणीही विचारलं नव्हतं. तिने आत येऊन खुर्चीत बसकण मारली आणि समोरची रिकामी जागा दाखवली. भिंगरी जमिनीवर बसून हवेत खाजवू लागली. "इथे? की खाली? पाय वाकवलायस का सरळ आहे?" खाज काही गेली नाही. पण टाकेबाईच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसू आलं, आणि त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतंही.

मग तिने पँट मशीनवर घेतली. पेडलवर आता डावा पाय, आणि त्याला मेल्याला अजून अंदाज नव्हता. पहिली शिवण नागमोडी गेली. उसवली, पुन्हा घातली. "या पायाला शिकवावं लागेल," ती म्हणाली. भिंगरीने पँट घालून घरभर उड्या मारल्या.

रात्रीची जेवणं झाली. नवरा दाराशी गेला. "जरा... मोकळे करून येतो."

"काय हो?" टाकेबाईने विचारलं.

तो घुटमळला. त्याचा हात नकळत टकलाकडे गेला.

"पाय!" भिंगरी ओरडली. "बाबा, पाय म्हणतात त्याला!"

सासऱ्यांनी घाईघाईने पाण्याचा पेला तोंडाला लावला. नवरा तिला गप्प करायला धावला.

"बरोबर बोलली," टाकेबाई म्हणाली. "आणि 'येतो' काय? 'येऊ' म्हणा. मी कधीची एका पायावर तयार आहे."

आधी सासरे हसले, तेही चोरून. नवऱ्याला हसावं की रडावं कळेना, म्हणून त्याने आधी तिच्या कुबड्या आणल्या.

"चल," तो म्हणाला, "पाय मोकळे करून येऊ."