धुडाची डावी बाजू

आमच्या ह्यांना गाडीखाली झोपायला फार आवडतं. घरात उत्तम पलंग आहे, तो आपला नावाला. इतक्या वर्षांच्या संसारात निम्मं बोलणं मी ह्यांच्या तळपायांशी केलंय. जेवायला वाढलंय, हे पायांना सांगायचं. गॅस संपलाय, तेही पायांनाच. अंगठा हलला की समजायचं, निरोप पोचला.

गाडी जुनी. उंच, चौकोनी, चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारी. आम्ही तिला धूड म्हणतो. आमचं घर टेकडीच्या माथ्यावर आहे आणि डांबरी रस्त्यापासून घरापर्यंत नुसता दगडांचा, चरांचा चढ, मध्ये एक ओढा. दुसरी कुठलीही गाडी पहिल्या वळणावरच शेपूट घालते. तेव्हा हिशेब सरळ होता. धूड चालतंय आणि धूड चालवणारा माणूस धडधाकट आहे, तोवर आम्ही वर राहणार. नाहीतर मुलीच्या फ्लॅटमध्ये, जिथे खिडकी उघडली की समोरच्यांचं स्वयंपाकघर दिसतं. हे घर आम्ही स्वतः बांधलंय, कुठली खिडकी कुठे यावर रोज भांडून. तिथून मला हलायचं नव्हतं. स्पष्टच सांगते, मेले तरी हलायचं नव्हतं.

आणि नेमका ह्यांना काचबिंदू झाला.

डॉक्टरांकडून आले तेव्हा हातात थेंबांची बाटली होती. "काही नाही गं, थेंब घालायचेत," म्हणाले आणि गेले गाडीखाली. मी विश्वास ठेवला. पण मग डावीकडे ठेवलेला पाण्याचा पेला कोपर लागून पडायला लागला. दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागला. मी बाजूला येऊन उभी राहिले की दचकायचे. समोरचं अगदी बारीक अक्षरही वाचता यायचं, कडेचं मात्र दिसेनासं झालं होतं. मला कळलं, आणि मी तोंडात गुळणी धरून बसले. बोलले असते तर किल्ली काढून घ्यावी लागली असती, आणि मग घरालाही कुलूप.

इकडे ह्यांना गाडी सजवायची हुक्की आली. आधी बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांवर उभ्या काड्या लावल्या, टोकाला लाल गोळ्या. "कशाला हो हे?" "कोपरा कळतो." मग बॉनेटच्या दोन बाजूंना फुगीर गोल आरसे आले. मग दारांखाली जाड लोखंडी पाइप, दगड घासला तरी पत्रा वाचावा म्हणून. मग बाजूला उजेड पाडणारे दिवे.

खालच्या गॅरेजचा मिस्त्री वेल्डिंग करता करता म्हणाला, "काकू, काका गाडी जंगलात नेणार आहेत का लढाईवर?"

"त्यांनाच विचार," मी म्हटलं. पण घरी येताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सगळं सामान बाजूंना. समोर काही म्हणून बदललं नव्हतं. हा माणूस आपल्या डोळ्यांतली भोकं लोखंडाने बुजवत होता, आणि तेही मला कळू नये म्हणून.

मग मी तरी काय कमी? माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. गाडीत बसले की, "अहो, डावीकडे दगड बघा केवढा. अहो, बाई चाललीय कडेने, किती वजन उचललंय बिचारीने. अहो, चर अजून बुजवला नाही कुणी." हे वैतागायचे. "किती बडबडशील!" मी म्हणायचे, "माझं तोंड, माझी मर्जी." ह्यांना वाटायचं, बायको वयानुसार जास्त बोलायला लागली. बायको मात्र घसा कोरडा पडेपर्यंत गाडीची डावी बाजू सांभाळत होती. असं आमचं नाटक मस्त चाललं होतं.

मुलगी राहायला आली आणि सगळं बिनसलं. ती पुढे बसली. "आई, तू मागे बस, मला बाबांशी बोलायचंय." मागे बाजूच्या बाकड्यावर सामानात मी. तिथून मला दिसणार काय, पुढच्या सीटची पाठ! जिवाचं नुसतं पाणी पाणी झालं. मी मान लांब करकरून बघत होते. मुलगी आपल्या ऑफिसच्या गप्पा मारत होती, आणि हे हो-हो करत गाडी उतरवत होते.

ओढ्याच्या अलीकडे आमचा शेजारी, भाजीवाला, सायकल हातात धरून कडेला उभा होता. आमची गाडी दिसली की तो नेहमी तसाच थांबतो. मला तो दिसला तेव्हा फार उशीर झाला होता. "अहो!" मी ओरडले. कोपऱ्यातली काडी त्याच्या टोपलीत अडकली, सायकल हातातून निसटून चरात गेली, टोमॅटो गडगडत गाडीखाली. त्याला लागलं नाही. नुसता दोन पावलं मागे सरकला आणि ह्यांच्याकडे बघत राहिला.

ह्यांनी इंजिन बंद केलं. हँडब्रेक ओढला. खाली उतरून सायकल वर काढली, पुढचं चाक पायांत धरून वाकलेलं हँडल सरळ केलं, एकेक टोमॅटो गोळा केला. त्यातले दोन तर पायांच्या कडेलाच पडलेले, तरी दिसले नाहीत, मीच उचलून दिले. भाजीवाला म्हणत होता, "असू द्या हो काका, होतं असं." हे म्हणाले, "नाही. असं होऊन चालत नाही."

मग मुलीच्या हातात किल्ली दिली. "खाली तू ने. मला कडेचं दिसत नाही. बरेच दिवस झाले." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तू मागे बसलीस आणि गाडीत गप्प झालीस, तेव्हा कळलं मला. एवढे दिवस तू उगाच बडबडत नव्हतीस."

मला रडूच फुटलं. मुलगी आळीपाळीने दोघांकडे बघत होती. "म्हणजे तुम्ही दोघं मिळून..." ती म्हणाली, आणि मग जी काही भडकली, की विचारू नका. लहानपणी आम्ही तिला रागवायचो, त्याची व्याजासकट फेड झाली. तिचं काही चुकलं नव्हतं. तो माणूस चरात गेला असता तर? घरी जाऊन तिने फोनवर सामान हलवणाऱ्यांची चौकशीसुद्धा सुरू केली.

"मी शिकते," मी म्हणाले.

"काय?"

"गाडी. मी शिकते."

दोघंही माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी सर्कशीत जाते म्हणाले. तरुणपणी ह्यांनी मला एकदा शिकवायचा प्रयत्न केला होता. गाडीत मिनिटभर बसलो असू, आणि घरी येऊन आठवडाभर अबोला. शिवाय माझी उंची बेताची. धुडात बसले की पाय क्लचपर्यंत पोचत नाहीत, आणि स्टिअरिंग इतकं जड की दोन माणसं लागावीत. पण मुलगी म्हणाली, "महिनाभर मी रजा टाकून राहते. आई परीक्षा पास झाली तर इथे राहा. नाही झाली, तर माझ्याकडे. मग रडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी हे पुन्हा गाडीखाली. ह्या वेळी माझ्यासाठी. सीटची रूळपट्टी पुढे सरकवून बसवली. पेडलांवर लाकडाचे ठोकळे बोल्टने आवळले, त्यांना वर खरखरीत रबर. मिस्त्रीने कुठूनसं दुसऱ्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग पैदा केलं आणि दोघांनी ते दिवसभर खटपट करून बसवलं. ह्यांना कडेचा पाना दिसायचा नाही, म्हणून मी बाजूला बसून हातात देत होते. मध्येच पायांनी विचारलं, "स्टिअरिंग फिरवून बघ. हलकं वाटतंय?" मी चढून फिरवलं. "लोण्यासारखं," दारातून वाकून पायांना म्हटलं. अंगठा हलला.

मग चढावर नेलं मला. म्हणाले, "तो छोटा दांडा ओढ. ह्याला लो म्हणतात. आता पहिला गिअर. क्लच हळूच सोड. सोडलास? आता दोन्ही पाय वर घे."

"वर म्हणजे?"

"वर. मांडी घालून बसलीस तरी चालेल."

आणि खरंच हो! ॲक्सिलरेटरला हात नाही, पाय नाही, आणि धूड आपलं आपण दगडांवरून डुलत डुलत, माणसाच्या चालीने चढायला लागलं. बंद पडेना, घसरेना. मला फक्त स्टिअरिंग धरायचं होतं. मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. "अहो, हे असं होतं, तर आधी का नाही सांगितलंत?" "तू विचारलंच नाहीस," म्हणाले. मांडी मात्र मी घातली नाही, एक पाय ब्रेकवर ठेवला. मी काय वेडी आहे?

त्यानंतर रोज सकाळी चढ-उतार. वेग वाढला, शब्दही वाढले. एकदा मी ओढ्यात गाडी बंद पाडली, तर हे ओरडले. मी तिथेच पाण्यात उतरले आणि चालत घरी निघाले. मागून आले, पँट गुडघ्यापर्यंत ओली. "चूक झाली," म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा. मी परत जाऊन बसले.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक धुडाकडे बघून म्हणाला, "काकू, ह्याच्यावर देणार परीक्षा?" मी म्हटलं, "हेच चालवायचंय, तर दुसऱ्यावर देऊ कशाला?" रिव्हर्ससुद्धा घेतली. पास. मुलीने तिथल्या तिथे मला मिठी मारली आणि संध्याकाळच्या बसने गेली. स्टँडवर मी ह्यांना म्हटलं, चला घरी.

डांबरी रस्ता संपला, लो घातला, चढ सुरू झाला. मला वाटलं होतं, हे आता माझ्यासारखी बडबड करणार, इकडे बघ, तिकडे बघ. पण नाही. मी चोरून पाहिलं, तर मान पूर्ण वळवून खिडकीबाहेर बघत होते. दुसऱ्या वळणाला एकदम म्हणाले, "थांबव गं."

मी दचकून ब्रेक दाबला. गाडीने गचका खाल्ला, पण हे खिडकीबाहेरच बघत होते. खाली दरीत तळं होतं. संध्याकाळच्या उन्हात पाणी चमकत होतं, काठाला पांढऱ्या पक्ष्यांची रांग. रोजचंच. येता-जाता मी बघतेच.

"हे अजून आहे?" म्हणाले.

"म्हणजे काय? ते कुठे जाणार?"

"चालवताना मान वळवायची सोय नव्हती," हे म्हणाले. "रस्त्यावरची नजर हलली तर गाडी दरीत, आणि तू बाजूला बसलेली. कडेचं दिसेनासं झालं, तेव्हा मला वाटलं, हे तळंही गेलं. समोरचा रस्ता तेवढा उरला."

दार उघडून खाली उतरले आणि कडेला उभे राहून तळ्यावरून हळूहळू मान फिरवत राहिले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पुन्हा मागे. मी इंजिन बंद केलं. घरी जायची घाई नव्हती.