सुगतनं भरलेलं पेट्रोल

झरीला आत्याच्या दारात पोचले तेव्हा गाडी थरथरत होती. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिनाचा आवाज खाली खाली जायचा, सगळी गाडी हलायची आणि बंद पडायची. जिंतूरहून येताना वाटेतही असंच झालं होतं. थोडं थांबून किल्ली फिरवली की पुन्हा निमूट सुरू.

बाबा गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम दुपारी आमच्या घरी होता. त्यांची एकुलती बहीण सरजा आत्या गुडघ्यांमुळे बसमध्ये चढू शकत नाही. तिला बाबांच्याच गाडीतून आणायचं, असं मी ठरवलं होतं. गाडी जुनी, कार्बोरेटरची. तिचं सगळं बाबांनी मला शिकवलेलं. आदल्या दिवशी मी स्वतः प्लग घासले, एअर फिल्टर झटकला, पेट्रोलचा फिल्टर नवा बसवला. अंगणात गाडी छान चालली. मग दोष उरला तो पेट्रोलचाच. आणि पेट्रोल भरलं होतं सुगतनं, आत्याच्या मुलानं. बाबा गेले त्या दिवशी पाहुण्यांना आणायला त्यानंच ही गाडी फिरवली होती.

"रस्त्यावरचं बाटलीतलं घेतलंस ना रे?" मी उतरता उतरता सुगतला विचारलं.

"न्हाई ताई, पंपावर भरलं."

"मग त्यात रॉकेल कसं आलं?"

रॉकेलचा वास मला आला नव्हता. मी तसं म्हणून गेले. बोलण्याला वजन यावं एवढ्यासाठी.

आत्या पांढरं लुगडं नेसून ओट्यावर तयार बसली होती. "मामानं शिकवलं तुला. आन त्याच्याच गाडीत असलं घालतूस? माग ताईची माफी."

"आई, मी खरंच..."

"माग म्हणते ना!"

सुगतची दोन्ही लेकरं दारात उभी होती. त्यांच्यासमोर तो म्हणाला, "चुकलं, ताई."

"असू दे," मी म्हणाले, आणि ते म्हणताना मला बरं वाटलं. मग घरी फोन लावला. तो भावकीतल्या आश्रुबाकाकांनी उचलला. सुगतनं खराब पेट्रोल भरलंय, उशीर होईल, असं मी त्यांना सांगितलं. सुगत तेव्हा आत्याला धरून मागच्या सीटवर बसवत होता. त्यानं ऐकलं आणि पुढच्या सीटवर येऊन बसला.

बोरीच्या अलीकडे गाडी पुन्हा बंद पडली. मी बॉनेट उघडलं. नवा फिल्टर पारदर्शक होता आणि जवळजवळ कोरडा. काटा तर टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली दाखवत होता. भेसळ असती तरी इथवर काहीतरी आलं असतं. इथं काहीच येत नव्हतं. म्हणजे माझं म्हणणं तिथंच खोटं पडलं होतं. तरी मी ते सुगतला सांगितलं नाही.

"पंप गेला का?" सुगतनं विचारलं.

"पंप गेला असता तर इथवर आलोच नसतो."

"मग टाकी उघडून बघू का? रॉकेल सापडलं तर सापडलं."

त्यानं झाकण फिरवून काढलं. खाली टाकीच्या तोंडावर प्लास्टिकचा तुकडा ताणलेला होता, आत खेचला जाऊन वाटीसारखा खोल झालेला. त्यानं कडेला नख घातलं, तशी टाकीनं लांब हवा ओढली. तुकडा उलगडून तो म्हणाला, "मेणबत्त्यांचं पाकीट हाय, ताई. हे कुणी कोंबलं?"

बाबा गेले त्या दिवशी त्यांना अंगणात ठेवलं होतं. पेट्रोल भरून परत आलेली गाडी जवळच उभी होती, बायका तिला टेकून बसल्या होत्या आणि पेट्रोलचा वास सुटला होता. बाबांजवळ दुसरा कुठला वास नको म्हणून मी ते रिकामं पाकीट झाकणाखाली दाबून बसवलं होतं. पेट्रोल जाईल तेवढी हवा झाकणाच्या छिद्रातून आत यावी लागते, नाहीतर इंजिन उपाशी राहतं. मला हे लहानपणापासून माहीत होतं.

"मी," मी म्हणाले.

"काय सापडलं गं?" आत्यानं मागून विचारलं. मी सांगितलं. "मग म्या कशाला त्याला माफी मागायला लावली?"

"सुगत, मला माफ कर."

"बसा ताई. भंते येऊन बसले असतील."

जिंतूरपर्यंत गाडी एकदाही थरथरली नाही.

मांडवात पाय ठेवताच आश्रुबाकाका ओरडले, "आले का रॉकेलवाले! सुगत, तू मागं बस बाबा. पुढं मेणबत्त्या लावल्यात."

सगळे हसले. सुगतही हसला आणि खरंच मागे जाऊन उभा राहिला.

वंदना झाली. आदरांजलीसाठी माझं नाव पुकारलं. मी माईक धरून म्हणाले, "आधी एक सांगते. गाडीत बिघाड मी केला होता. सुगतचा काही दोष नाही. मी त्याच्याबद्दल खोटं बोलले."

काकांनी उपरण्यानं डोळे पुसले. "सिद्धोधनची लेक शोभती. आत्याच्या पोराची इज्जत राखायलीय बघा."

"मन लय मोठं," एक बाई म्हणाली.

"नाही काका, खरंच मीच..."

"कळलं, पोरी. समद्यांना कळलं."

आत्या उठायला बघत होती, पण गुडघे साथ देत नव्हते. "ती खरं सांगायलीय," ती म्हणाली. शेजारच्या बाईनं तिचा हात थोपटला. आईच ती, लेकाची बाजू घेणारच, असं तिच्या तोंडावर दिसत होतं.

बाबांबद्दल एक शब्दही न बोलता मी खाली उतरले आणि मागे सुगतजवळ गेले. तो पाण्याचा जार उचलत होता.

"राहू द्या, ताई," तो हळूच म्हणाला. "तुमी जितकं सांगताल, तितकं माझं रॉकेल वाढंल."