चोवीसनंतर एकदम चौतीस

वसईजवळच्या सांडोरच्या ग्लोरियाबाई शाळेत गणित शिकवायच्या. त्या बोलत असताना मध्ये कुणी बोललेलं त्यांना चालायचं नाही. धाकटा भाऊ सॅन्टन शेजारीच राहून केळीची बाग सांभाळायचा. त्याची बायको वारल्यापासून तो जेवायला बहिणीकडेच असायचा, आणि ताटातल्या भाजीबरोबर थोडा उपदेशही पोटात घालायचा.

दोन हजार दोन साली सॅन्टनचा मुलगा केनी नोकरीसाठी आखातात गेला. त्याची जुनी माउंटन बाइक आत्याकडे आली. एकवीस गिअर होते, पण सांडोर ते शाळा रस्ता पोळपाटासारखा सपाट, त्यामुळे बाईंना तीनपेक्षा जास्त कधी लागले नाहीत. मग एकदा स्टाफरूममध्ये वसुंधरा मॅडमनी डिसेंबरची सहल डोंगरावरच्या तुंगारेश्वरच्या देवळात ठरवली, आणि बाई बोलून गेल्या, "मी सायकलवर येते."

घरी सॅन्टनने विचारलं, "पायथ्याच्या फाटकापर्यंत की देवळापर्यंत?"

"देवळापर्यंत."

"मग सायकलला घेऊन जातेस म्हण. ती तुला नेणार नाही."

रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर बाई त्या रस्त्यावर सराव करून यायला निघाल्या. वाटेतल्या ओढ्यानंतरच्या पहिल्याच चढावर गुडघा इतका दुखला की उतरून ढकलत जावं लागलं. मागून स्कूटरवर सॅन्टन आला. "छान हवा खायला आणलीस सायकलला," एवढं बोलून तो पुढे गेला, आणि वळणावर पाण्याची बाटली घेऊन थांबला.

डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, पण जोर लावू नका. म्हणजे गिअर हलका हवा. बाईंनी दाते मोजले. पुढचं सगळ्यात लहान चक्र अठ्ठावीस दात्यांचं, मागचं सगळ्यात मोठंही अठ्ठावीसचं. पायडलचा एक फेरा, चाकाचा एक फेरा. मागचं चक्र आणखी मोठं झालं तर चढ हलका होईल.

भावाला घेऊन त्या वसईत सदानंदच्या सायकलच्या दुकानात गेल्या. सदानंदने मागच्या चाकाची दोन फ्रीव्हील, म्हणजे दातेरी चक्रांचे दोन संच, समोर ठेवली. एकात दाते बेताबेताने वाढत तिसापर्यंत जात होते. दुसऱ्यात चोवीसपर्यंत सगळं शिस्तीत, आणि शेवटचं चक्र एकदम चौतीस.

"ही कसली श्रेणी?" बाई म्हणाल्या. "हा तर छपाईचा दोष वाटतो. मध्यम चढावर काय करायचं? चोवीस जड जाणार, चौतीसवर नुसते पाय फिरणार."

"चढावर श्रेणी तपासायला इन्स्पेक्टर येत नाही," सॅन्टन म्हणाला. "गुडघा कुणाचा आहे?"

"पण चौतीसवर मी किती हळू जाईन, माहीत आहे? चालणारा माणूस बरोबरीने येईल."

"येईन की."

बाईंनी दोन्ही फ्रीव्हील पुन्हा हातात घेऊन पाहिली. शेवटी तोंड वाकडं करत चौतीसचं बसवायला सांगितलं.

सहलीच्या दिवशी बाकीच्या शिक्षिका जीपने पुढे गेल्या. सॅन्टनने फाटकाशी स्कूटर लावली आणि तो बहिणीबरोबर पायी निघाला. ओढ्यानंतर चढ लागताच बाईंनी गिअर बदलला. चेन कडकडत मोठ्या चक्रावर चढली आणि पायडल इतके हलके झाले की चेन तुटली की काय असं त्यांना वाटलं. गुडघा दुखत नव्हता. सायकल मात्र मुंगीच्या पावलांनी चालली होती, आणि सॅन्टन हात मागे बांधून शेजारून चालत होता.

"बाय, एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली बेट्टी माहीत आहे ना, सुकी मासळी विकते ती? तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. आम्ही लग्न करायचं ठरवलंय."

बाईंनी तोंड उघडलं. बाहेर फक्त धाप आली. पुढचं चाक डगमगलं.

"उतरू नकोस. या चढावर परत बसता येणार नाही," सॅन्टन म्हणाला आणि सावकाश पुढचं सांगत राहिला. फादरांशी बोलणं झालं होतं. केनीलाही फोनवर सांगितलं होतं, त्याला आनंदच झाला. "तुला जेवताना किती वेळा सांगायला गेलो, पण मध्ये तुझी शाळा यायची. आणि एक अट आहे. बेट्टी 'पाणी'ला 'पानी' म्हणते. तू ते सुधारायचं नाही."

देवळापाशी पोचल्यावर बाई उतरल्या. सायकल पायरीला टेकवून त्यांनी दम घेतला. त्यांना भावाचा रेडिओ आठवला. रोज रात्री भाऊ जेवून घरी जायचा आणि मग त्याचा रेडिओ मोठ्याने लागायचा, रिकाम्या घरात आवाज हवा म्हणून. ते त्यांना ऐकू यायचं.

"म्हणून चौतीसचा एवढा आग्रह?" त्यांनी विचारलं.

"तो गुडघ्यासाठी. चढावर सांगायचं मला रस्त्यात सुचलं."

"जेवायला येशील ना माझ्याकडे?"

"दोघं येऊ. पण मासळी ती करेल. तुझ्या हातची कशी होते, ते मी तिला सांगितलंय."

बाईंनी रुमालाने तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ. तेवढ्यात वसुंधरा मॅडम पायऱ्या उतरून आल्या आणि म्हणाल्या, "पोचलात की हो. चढ कसा गेला?"

"आमच्या सॅन्टनचं लग्न ठरलं," ग्लोरियाबाई म्हणाल्या.