काळ्या टाकीसमोर

ऑनलाइन माल विकणाऱ्या कंपनीच्या फॉर्ममध्ये मी एकच चूक केली. शहराच्या नावाला यादीत जुनं आणि नवं असे दोन पर्याय होते, तिथं मी चुकलो नाही. पिनकोड बरोबर, बँकेचा नंबर बरोबर. मग 'जवळची खूण' असा रकाना आला. आमच्या घरासमोर तेव्हा पाच हजार लिटरची काळी प्लास्टिकची टाकी होती. मी लिहिलं, 'काळ्या टाकीसमोर'.

दुष्काळात टाकीपेक्षा मोठी खूण कोणती असणार? आमची वस्ती पडेगावच्या पुढं. पाच वर्षांमागं तिथं ज्वारी होती, आता प्लॉट आहेत. नकाशाला हे अजून कुणी कळवलेलं नाही. नकाशात आमचं घर म्हणजे रिकामा चौकोन. त्यामुळं पार्सल न्यायला येणारा माणूस नकाशा सोडून देतो आणि खूण विचारत येतो.

आम्ही घोंगडीची आसनं विकतो, पूजेला बसायला, दोन फूट बाय दोन फूट. लोकर आमच्याच एकवीस मेंढरांची. आई ती चरख्यावर कातते, योगिनीवहिनी मागावर विणते, वर चिंचोक्याची खळ लावते. घराच्या निळ्या भिंतीवर मी 'योगिनी घोंगडी' असं रंगवलंय आणि मोबाईलवर दुकान चालवतोय. आधी बापू, म्हणजे माझे वडील, शहागंजातल्या दुकानांना घोंगड्या घालायचे. आता तिथले दुकानदार वाघाचं चित्र असलेली ब्लँकेटं ठेवतात. घोंगडीवर वाघ नसतो, म्हणून आम्ही मागं पडलो.

चारा महागला तसं बापूंनी सांगून टाकलं, "हे मोबाईलचं दुकान चाललं तर मेंढरं राहतील. नाय तर कडुबा व्यापाऱ्याला देऊन मोकळा होतो."

आईनं, म्हणजे कस्तुराबाईनं, चरखा जरा जोरात फिरवला.

पहिली ऑर्डर अकरा आसनांची आली, पुण्याहून. आम्ही पार्सलं बांधली. त्याच आठवड्यात ड्रेनेजच्या पाइपासाठी गल्लीच्या तोंडाला आडवी चर खोदली गेली. टँकर आत येईना. मग टाकी उचलून मारुतीच्या देवळापाशी नेऊन ठेवली. सगळ्या वस्तीला कळवलं, फक्त कंपनीला कळवायचं राहिलं.

पार्सल न्यायला बिभीषण नावाचा माणूस लोडिंग रिक्षा घेऊन आला. विचारत विचारत तो टाकीसमोर पोचला. समोर न्हाव्याचं दुकान.

"योगिनी घोंगडी इथंच का?"

"दाढी करायची का?" न्हाव्यानं विचारलं.

बिभीषणनं दाढी केली आणि अ‍ॅपमध्ये 'विक्रेता सापडला नाही' असं दाबून गेला.

दुसऱ्या दिवशी आम्हीच पार्सलं डोक्यावर घेऊन देवळापाशी जाऊन उभे राहिलो. बिभीषणनं फोटो काढला. तो नोंदणीच्या फोटोशी जुळला तरच माल नेता येतो. नोंदणीच्या वेळी मी जो फोटो दिला होता त्यात पुढं टाकी आणि मागं निळी भिंत होती. आता टाकीमागं न्हाव्याचा आरसा आणि आरशात आम्ही सगळे. अ‍ॅप म्हणालं, जुळत नाही.

"अरे बाबा, मी समोर उभी हाय," वहिनी म्हणाली. "माल हातात हाय. घे की."

"मला तुम्ही दिसताय, ताई. अ‍ॅपला दिसायला पायजे."

"मग त्याला आणखी जवळ ने."

त्यानं मोबाईल वहिनीच्या तोंडापाशी नेला. काही फरक पडला नाही.

मी मदत केंद्राला फोन लावला. मोनिका नावाची मुलगी बोलली, फार गोड.

"मॅडम, खूण बदलायचीय."

"नक्की, सर. त्यासाठी पडताळणी होईल. आमचा माणूस येईल."

"कुठं येईल?"

"नोंदवलेल्या खुणेपाशी, सर."

"ती खूणच तर तिथं नाय."

"ते आमचा माणूस येऊन बघेल, सर. आणि तिसऱ्यांदा पिकअप हुकला तर खातं कायमचं बंद होतं. आणखी काही मदत करू?"

मी नको म्हणालो. एवढी मदत पुरे होती.

बापूंनी कडुबाला दुसऱ्या दिवशी दुपारी चारला यायला सांगितलं. बिभीषण साडेतीनला येणार होता. बापू हिशोबी माणूस, त्यांनी कंपनीला अर्धा तास जास्तीचा दिला.

सकाळी आई चहा पिता पिता भिंतीकडं बघत होती. मग म्हणाली, "भारत, त्या फोटूत काय काय पायजे?"

"टाकी आणि भिंत."

"भिंत उचलंल का?"

"नाय."

"टाकी?"

मी आईकडं बघितलं. एवढ्या मोठ्या कंपनीत एवढी विचारपूस कुणी केली नव्हती.

साडेतीनला आम्ही देवळापाशी गेलो तेव्हा टाकी कोरडी होती, चारच्या टँकरची वाट बघत. तिच्यामागं तीस-बत्तीस हंडे आणि तेवढ्याच बाया रांगेत. पहिला नंबर गोजरबाईचा. गोजरबाईचा नंबर नेहमी पहिलाच असतो. ती पहाटेच हंडा ठेवून जाते.

"टाकीला हात लावायचा नाय," गोजरबाई म्हणाली. "टँकर कुठं ओतंल, तुझ्या डोस्क्यावर?"

"फोटूपुरती नेते गं. लगेच परत आणते," आई म्हणाली.

"अन् आमचे नंबर?"

हा प्रश्न खरा होता. टाकी हलली की रांग मोडणार, रांग मोडली की परत लावताना भांडणं. आईनं कपाळाला हात लावून थोडा विचार केला.

"रांग बी घेऊन चल. जशी हाय तशी. टाकीच्या मागं मागं."

गोजरबाईला यात खोट सापडेना. तिनं हंडा कमरेला घेतला आणि मागं ओरडली, "नंबर सोडायचा नाय कुणी! माझ्यापुढं कुणी दिसलं तर बघा!"

आम्ही टाकी आडवी पाडली आणि ढकलायला लागलो. मी, वहिनी, आई आणि पहिल्या दहा नंबरच्या बाया. मागं बाकीची रांग, हंडे कमरेला, एकामागं एक. तेवढ्यात बिभीषणची रिक्षा आली. टाकी चालत निघालेली बघून तो थांबला, मोबाईलमध्ये बघितलं, परत टाकीकडं बघितलं आणि रांगेच्या शेवटी रिक्षा लावून हळूहळू मागं येऊ लागला. त्याच्यामागं आणखी एक बाई हंडा घेऊन येऊन उभी राहिली. तिला वाटलं रिक्षाचा पण नंबर आहे.

वाटेत कडुबा भेटला. तो मेंढरं बघायला निघाला होता. गर्दी बघून त्यानंही टाकीला खांदा लावला. कशासाठी ढकलतोय ते त्यानं विचारलं नाही.

चर दोन फूट रुंद होती. टाकी माणसापेक्षा उंच. ती चरीवरून आरामात गडगडत गेली, जसं काही तिथं खड्डाच नाही. बाया उड्या मारून आल्या, नंबरानं. बिभीषण रिक्षा अलीकडं ठेवून पायी आला.

टाकी उभी केली. मागं निळी भिंत. वहिनी बाजूला सरकली. बिभीषणनं फोटो काढला. अ‍ॅपमध्ये चकती फिरत राहिली. बत्तीस बाया, बापू, कडुबा, सगळे मोबाईलवर वाकले. दावणीला मेंढरं ओरडत होती.

हिरवी खूण आली.

"जुळलं!" बिभीषण ओरडला.

"मी म्हणालेच हुते," गोजरबाई म्हणाली. ती असं काही म्हणाली नव्हती.

अकरा पार्सलं चर ओलांडून रिक्षात गेली. तेवढ्यात टँकर आला आणि देवळापाशी टाकी न दिसल्यानं हॉर्न वाजवत चरीपर्यंत पोचला. आई त्याच्याकडं गेली.

"तुझा पाइप केवढा लांब हाय रे?"

"पन्नास फूट."

आईनं चरीपासून टाकीपर्यंत पावलं टाकली. बारा झाली.

"मग टाकी तिकडं कशापायी नेली?"

"मला कुणी इचारलंच नाय, मावशे."

टाकी तिथंच राहिली. पाणी पडायला लागलं, रांग जागची हलली नाही, गोजरबाईचा हंडा पहिला भरला.

बापू कडुबाजवळ गेले. "मेंढरं नाय द्यायची," म्हणाले.

"मग मी ढकललं कशापायी?" कडुबानं विचारलं. बापूंनी त्याला चहा दिला.

निघताना बिभीषण म्हणाला, "आता पडताळणी झाली, मावशी. खूण बदलायची तर आत्ताच बदला. परत एक महिना जमणार नाय."

"बदल," आई म्हणाली. "टाकीचा काय भरवसा? पाऊस पडला की नेतील."

"मग काय लिहू?" मी विचारलं.

"कस्तुराबाई मेंढरंवाली."

"आई, खूण लागते. जागची न हलणारी."

"लई हलले," ती म्हणाली. "मेंढरामागं उभा जन्म हलले. आता नाय हलत. लिही."

मी लिहिलं. बिभीषणनं भिंतीसमोर तिचा फोटो काढला. अ‍ॅपनं मंजूर केला.

तेव्हापासून रोज साडेतीनला आई निळ्या भिंतीसमोर येऊन बसते, फोटोत होती तशी, पदर डोक्यावर, हात मांडीवर. बिभीषण येतो, फोटो काढतो, जुळलं की माल नेतो. खाली तिनं एक आसन घेतलंय. कुणी कितीही मागितलं तरी ते विकायचं नाही.