हा हात कोणाचा?

बारकीने डब्याच्या पिशवीतून हातमोजा काढला आणि विणकामाच्या मशीनवर, सुयांच्या रांगेपुढे ठेवला. त्याच्या मधल्या बोटाला टोक नव्हतं. कुत्र्याने चप्पल चघळावी तसं ते चघळून निघालं होतं, आणि धाग्याच्या शेंड्या सगळीकडे लोंबत होत्या.

वहिनीने मशीन अर्ध्या ओळीतच थांबवलं.

“बोट?”

“आहे.” बारकीने हात पुढे केला. बोट होतं. नख मात्र जांभळासारखं जांभळं झालं होतं. “हातमोज्याचं टोक रिकामंच लोंबत असतं ना, ते बाटल्यांच्या सरकत्या पट्ट्याच्या रुळात गेलं. मी हात ओढला, हातमोजा तिथेच राहिला. नशीब सैल होता.”

“सैल होता म्हणून तर गेला आत.”

“तेही खरंच.” बारकी स्टुलावर बसली. “मुकादम म्हणाले, बोट शाबूत आहे ना, मग रडतेस कशाला? मी रडतच नव्हते गं. त्यांनीच ठरवून टाकलं.”

वहिनीने तो हातमोजा उलटासुलटा करून पाहिला. ओळखायला वेळ लागला नाही. मनगटाची पट्टी तिच्याच हातची होती. बाटल्यांच्या कारखान्याला लागणारे, काचेने कापले न जाणारे हातमोजे याच पुढच्या खोलीत, याच मशीनवर विणले जात. तिचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातले थोडेच दिवस घरी असायचा. घर चालायचं ते वहिनीच्या सुयांवर आणि त्याच्या या धाकट्या बहिणीच्या पगारावर. म्हणजे नणंदेचं बोट जायची वेळ आली ती भावजयीने विणलेल्या हातमोज्यामुळे. दोघींनाही ते कळलं.

“आता?”

“आता झाडू.” बारकीने हवेत झाडलोट करून दाखवली. “सोमवारी मोठे साहेब येणार आहेत. तेव्हा ठरवतील, बायकांना पट्ट्यावर ठेवायचं की नाही ते. मुकादमांचं तर ठरलेलंच आहे. म्हणाले, सगळ्यांना हाच हातमोजा चालतो, एकट्या तुलाच चालत नाही. मग खोट हातमोज्यात नाही, हातात आहे.”

बारकी हसत सांगत होती, पण हसणं गालांपर्यंतच होतं. पट्ट्याशी उभं राहून तडा गेलेली बाटली नजरेने हेरायची आणि चटकन उचलून बाजूला काढायची, हे काम मिळवायला तिने मुकादमाच्या मागे किती दिवस लकडा लावला होता ते वहिनीने पाहिलं होतं. पट्ट्यावर उभी राहिलेली ती पहिली बाई. झाडूवाल्या दोघीजणी तिच्या मागे रांग लावून होत्या. ती मागे आली, तर त्यांच्यासाठी दार बंद होणार होतं.

“मी लहान मापाचा विणून देते,” वहिनी म्हणाली.

“हा लहान मापाचाच आहे.”

वहिनीने तिच्या हातात तो पुन्हा चढवून पाहिला. बोटांची टोकं रिकामी लोंबत होती, आणि तळव्याशी धान्याच्या पोत्यासारखी घडी पडत होती. मग तिने कॉम्प्युटरवर माप आणखी खाली आणलं, आणि दुसऱ्या दिवशी नवा हातमोजा विणून काढला. तळवा नीट बसला. आता बोटं आखूड पडली. अंगठा तर असा आवळला की बारकीने “आई गं” म्हणून तो उपसून काढला.

“वहिनी, मुकादम म्हणतात ते खरं तर नाही ना?” तिने आपला हात डोळ्यांसमोर धरून विचारलं. “बेढबच आहे का गं माझा हात?”

वहिनीचं लक्ष हातावर नव्हतं. ती कॉम्प्युटरकडे बघत राहिली होती, अनोळखी माणूस दारात उभा राहिला की आधी त्याच्या चपलांकडे बघावं तशी.

मशीनला टाके सांगणाऱ्या त्या सॉफ्टवेअरचं नाव ‘विणकर’. ते फुकट मिळायचं. पण वहिनीला त्याचं कौतुक होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. मशीनबरोबर आलेलं आधीचं सॉफ्टवेअर म्हणजे कुलूप लावलेली पेटी. बिघडलं की कंपनीच्या माणसाची वाट बघत बसायचं, आणि तो आला की “ताई, जरा बाजूला व्हा” म्हणायचा. ‘विणकर’ला कुलूपच नव्हतं. ज्याला हवं त्याने झाकण उघडावं, आत बघावं, जमलं तर दुरुस्त करावं आणि इतरांनाही द्यावं, अशी त्याची रीत. वहिनीने आजवर झाकणाला हात लावला नव्हता. लावता येतो, एवढं ठाऊक होतं.

त्या दुपारी तिने तो लावला.

आत आकड्यांचं आणि परक्या खुणांचं रान होतं. पण रानात मधूनच ओळखीचं माणूस भेटावं तसे शब्द भेटत होते. मनगट. तळवा. अंगठा. करंगळी. ज्याने हे लिहिलं त्याने नावं साधी ठेवली होती, देव त्याचं भलं करो. वहिनी एकेका नावाचं बोट धरून चालत गेली, वाट चुकली, परत फिरली, आणि शेवटी एका छोट्याशा पानाशी पोचली. वर लिहिलं होतं ‘हात’. खाली प्रत्येक बोटाची लांबी, घेर, तळव्याची रुंदी. बस. एकच हात. लहान, मध्यम, मोठा, सगळी मापं याच एका हाताला कमीजास्त करून काढलेली.

“बारके, इकडे ये. थोराड माणसाचा फोटो लहान छापला तर तो माणूस पोर होतो का?”

“होईल कसा? तसाच थोराड, फक्त टीचभर.”

“मग हे बघ. तुझा हातमोजा म्हणजे कोणा बाप्याच्या हाताचा टीचभर फोटो आहे.”

बारकी वाकून बघू लागली. “कोणाच्या?”

तिने सहज विचारलं खरं, पण वहिनीचा हात माउसवरच थांबला. आकडे काही आकाशातून पडत नाहीत. कोणाचा तरी हात कधीतरी कुठल्या तरी टेबलावर ठेवलेला असणार. कोणाचा?

‘विणकर’ वापरणाऱ्यांचा इंटरनेटवर एक गट होता. अडलंनडलं तिथे विचारायचं. वहिनीने लिहिलं: “प्रोग्राममधला हात कोणाचा आहे? माझ्या नणंदेला बसत नाही.”

उत्तरं लगेच आली. एकाने लिहिलं, आधी मॅन्युअल वाचा. दुसऱ्याने विचारलं, गरम पाण्यात धुतला होता का? तिसरा म्हणाला, घरात मिस्टर असतील तर त्यांना सेटिंग बघायला सांगा. चौथ्याने समजूत घातली: ताई, तो सरासरी हात आहे, सरासरी हात कोणाचाच नसतो.

“कोणाचाच नाही, म्हणून माझ्याच हाताला बसत नाही होय,” बारकी म्हणाली.

वहिनीने तिसऱ्याला लिहायला घेतलं होतं की मिस्टरांना सुई आणि दाभणातला फरक कळत नाही. तेवढ्यात खाली एक उत्तर उमटलं. ‘गाठ’ या टोपणनावाचं. गटात सगळे त्यांना गाठसर म्हणत. ‘विणकर’ मुळात त्यांनीच लिहिलेलं. ते सहसा कोणाच्या वादात पडत नसत. उत्तरात फक्त फोन नंबर होता आणि पुढे लिहिलं होतं: “प्रश्न चांगला आहे. फोन करा.”

वहिनीने केस सारखे केले, जसं काही फोनमधून दिसणार होतं, आणि नंबर लावला.

पलीकडे नळ वाहत होता. एका बाईने फोन उचलला. आवाज वयस्कर, थोडा घोगरा.

“नमस्कार. जरा सरांना फोन देता का?”

“कोणते सर?”

“गाठसर. त्यांनीच करायला सांगितला होता.”

नळ बंद झाला.

“बोला. मीच गाठ.”

वहिनीने जीभ चावली. शेजारी कान लावून बसलेल्या बारकीने तोंडावर हात दाबला.

“माफ करा हं बाई. सगळे सर म्हणतात, म्हणून मीही...”

“म्हणू दे. आधी मी प्रत्येकाला सांगत बसायचे. मग लक्षात आलं, सर म्हटलं की लोक आधी ऐकतात आणि मग शंका काढतात. बाई म्हटलं की आधी शंका. सरच राहू दिलं की वेळ वाचतो.” त्या हसल्या. “तुम्ही हात कोणाचा ते विचारलंत. आजवर कोणी विचारलं नव्हतं.”

“मग कोणाचा?”

“दादाचा. माझा थोरला भाऊ. मी प्रोग्राम लिहीत होते, एक हात मोजायला हवा होता. तो समोर चहा पीत बसला होता. एक हात रिकामा होता त्याचा, म्हटलं ठेव इथे. झालं.”

“आणि तुमचा?”

पलीकडे नळ पुन्हा सुरू झाला आणि लगेच बंद झाला.

“माझ्या हातात टेप होती,” त्या म्हणाल्या.

मग हळूहळू, स्वतःलाच सांगावं तसं, पुढे बोलल्या. “गंमत बघा. थंडीत मी माझ्यासाठी हातमोजे विणते, याच प्रोग्रामवर. दर वेळी बोटांची टोकं आत दुमडून शिवते. इतकी वर्षं शिवतेय. मला वाटायचं, आपलेच हात बेढब.”

बारकीने आपल्या हाताकडे पाहिलं आणि तो मांडीवर ठेवला.

“आता असं करा,” गाठबाईंचा आवाज पुन्हा कामाचा झाला. “दादाचा हात लहान करत बसू नका. नणंदबाईंचा हात नव्याने मोजा, दादाच्या पानासारखंच पान करा. चुकलं तर मी आहे. जमलं की मला पाठवा, सगळ्यांसाठी घालू. आणि मी पण शेजारणीला हाक मारते. आपला हात आपल्याला काही मोजता येत नाही.”

वहिनीने बारकीचा हात टेबलावर ठेवला आणि गळ्यातली टेप काढली.

“ज्योतिषाला दाखवल्यासारखं वाटतंय,” बारकी म्हणाली. “सांग माझं भविष्य.”

“हलू नकोस. भविष्यात झाडू सुटेल असं दिसतंय.”

एकेक बोट, सांध्यापासून टोकापर्यंत. बुंध्याशी घेर. काळ्या नखापाशी टेप अलगद फिरली. इतकी वर्षं एका घरात राहून वहिनीने हा हात कधी असा पाहिला नव्हता. बोटं लांब होती, तळवा अरुंद, अंगठा खाली, मनगटाजवळ सुरू होणारा. बेढब त्यात काहीच नव्हतं. दादाचा नव्हता, एवढंच.

पान दोनदा बिघडलं. एकदा तर मशीनने अंगठ्याच्या जागी करंगळी विणून ठेवली, आणि बारकी तो भलत्याच दिशांना बोटं असलेला पंजा घालून घरभर नाचली. गाठबाईंनी फोनवरून चूक सांगितली. तिसऱ्या खेपेला हातमोजा उतरला तेव्हा बारकीने तो चढवला, मूठ वळली, उघडली, आणि टेबलावर पडलेली टाचणी चिमटीत उचलून वहिनीपुढे धरली.

सोमवारी ती उशिरा घरी आली. वहिनी दारातच उभी होती.

“साहेबांनी विचारलं, ही झाडू घेऊन का उभी आहे? मुकादम म्हणाले, हिला हातमोजा बसत नाही. मी म्हटलं, बसतो की. घालून दाखवला. मुकादमांनी एकेक बोट चिमटीत धरून ओढून पाहिलं. धरायला काही मिळेना. म्हणाले, कुठून आणलास? म्हटलं, तुमचा येतो तिथूनच.”

“मग?”

“मग काय. साहेब ‘लाग पट्ट्याला’ म्हणाले.” बारकीने चपला काढल्या. “त्या झाडूवाल्या दोघींचं माप घ्यायला तू उद्या ये, असं साहेबांनी सांगितलंय. आणि ऐक, सुट्टी झाल्यावर मुकादम हळूच म्हणाले, हे माप मला बसेल का गं? त्यांचीही टोकं लोंबतात. इतके दिवस मूठ मिटून हिंडायचे, मला वाटायचं रागात आहेत.”

वहिनीला हसू आवरेना. हसतच तिने कॉम्प्युटर लावला. ‘विणकर’ची नवी आवृत्ती आली होती. पूर्वी जिथे नुसतं ‘हात’ असं लिहिलेलं असायचं, तिथे आता तीन ओळी होत्या. बारकीने खांद्यावरून वाकून मोठ्याने वाचल्या.

“दादाचा हात. नणंदेचा हात. गाठीचा हात.” ती थांबली. तिने पान खाली सरकवून पाहिलं. खाली काही नव्हतं. “आणि तुझा गं?”

“माझा कशाला? मी काय पट्ट्यावर...” वहिनी बोलता बोलता थांबली. उद्याच्या मापांसाठी काढलेली टेप तिच्या हातात होती.

बारकीने ती काढून घेतली.

“ठेव इथे,” ती म्हणाली.

वहिनीने हात एप्रनला पुसला, मग पुन्हा एकदा पुसला, आणि टेबलावर ठेवला. बारकीचा ठेवला होता तसाच ठेवला, पालथा, सैल. फक्त बोटं किती फाकवायची असतात, ते काही तिला आठवेना.